नाव एक, कट दुसरा: विजार, सुरवार, तुमान, लेंगा आणि झब्बा

एका हौशी नाट्यसंस्थेत वेषभूषा सांभाळणाऱ्या ताईंचा प्रश्न आहे: "राज्य नाट्य स्पर्धेसाठी आम्ही सवाई माधवरावांच्या काळातलं नाटक बसवतोय. संहितेत एका प्रवेशात विजार लिहिलंय, दुसऱ्यात सुरवार, पुढे तुमान, एका शिलेदाराला लेंगा आणि मोगली वकिलाला पायजमा. हे पाच वेगळे कपडे आहेत की एकाच कपड्याची पाच नावं? ही नावं आली कुठून? आणि वरती झब्बा, पैरण, जामा, कफनी यातलं कोणाला काय द्यायचं?"

ताई, यात घोळ संहितालेखकाचा आहे. त्यांनी हाताला येईल ते नाव लिहून टाकलंय. नाटकांचे कपडे शिवण्यात आणि शिवणक्लासात मुलींना कटिंग शिकवण्यात माझी हयात गेली, म्हणून आधी ठोक उत्तर देते: नावं पाच, कट फार तर तीन, आणि नावावरून कट ठरवायला गेलात तर कापड वाया जाईल.

याचं कारण कपड्याच्या सैलपणातच आहे. मापाचा कपडा ज्याचा त्यालाच होतो, तो फारसा हिंडत नाही. सैल कपडा कुणालाही होतो. तो दरबारातून खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, म्हणून मिळतो, लुटीत मिळतो, व्यापाऱ्याच्या गाठोड्यातून परमुलखात जातो, आणि जाताना नाव बरोबर घेऊन जातो. तिथला शिंपी आपल्या कापडाच्या पन्ह्याप्रमाणे (रुंदीप्रमाणे) आणि गिऱ्हाइकाच्या सवयीप्रमाणे त्याचा कट बदलतो, पण नाव तेच ठेवतो. कधी उलटंही होतं, कट जसाच्या तसा राहतो आणि नाव बदलतं. म्हणून कोशात शब्दाचं मूळ सापडलं तरी कात्रीला त्याचा उपयोग थोडाच. तरी मुळं सांगते, कारण त्यात मजा आहे.

विजारीपासून सुरुवात करू. मूळ शब्द अरबी, इझार. आणि इझार हा शिवलेला कपडाच नव्हे. कमरेभोवती गुंडाळायचं, लुंगीसारखं सरळ वस्त्र. हजला जाणारे पुरुष आजही दोन बिनशिवलेली वस्त्रं अंगावर घेतात, त्यातल्या खालच्याचं नाव इझार आणि खांद्यावरच्याचं रिदा. हा शब्द फारसीतून हिंदुस्तानात पोचेपर्यंत त्याला दोन पाय फुटले. उत्तरेत इजार म्हणजे पायजमा आणि त्याचा नाडा तो इजारबंद. मराठीने इजारही घेतलं आणि विजारही केलं. (मक्त्याने देतात तो इजारा वेगळ्याच अरबी शब्दावरून आलाय. देवनागरीत दोन्हीकडे ज दिसतो म्हणून काहीजण त्यांचं नातं जोडतात, ते सोडून द्या.) तेव्हा संहितेत 'विजार' दिसलं तर अर्थ एवढाच घ्या की दोन पायांचं, नाड्याचं काहीतरी. घट्ट की सैल, तोकडं की लांब, हे तो शब्द सांगत नाही.

सुरवार म्हणजे फारसी शलवार. अरबांनी तो शब्द घेतला आणि सिरवाल केला, त्याचं अनेकवचन सरावील. अरबांबरोबर तो पार स्पेनपर्यंत गेला. व्हॅलेन्सियाच्या शेतकऱ्यांच्या पारंपरिक पोशाखात पांढऱ्या, ढगळ, गुडघ्याशी संपणाऱ्या विजारी असतात, त्यांना तिकडे साराग्वेल्स म्हणतात; तो हाच शब्द. पोर्तुगीजांनी त्याचं सेरोलास केलं, पण अर्थ आतून घालायची लांब चड्डी असा घसरला. पूर्वेकडे नेपाळात दौरा-सुरुवाल, पंजाबात सलवार, आपल्याकडे सुरवार. एकाच शब्दाची ही वंशावळ, आणि कट मात्र प्रत्येक ठिकाणी निराळा: नेपाळी सुरुवाल पोटरीवर घट्ट, पंजाबी सलवार घोट्यापर्यंत घोळदार, व्हॅलेन्सियाची गुडघ्यात आखूड. आपण मराठी माणसांनी तर सलवार-कमीज या जोडीला 'पंजाबी ड्रेस' असं प्रांताचंच नाव देऊन टाकलं. खुद्द पंजाबात कुणी असं म्हणत नसेल.

ही सगळी सुरवारी-विजारींची जात घोडेस्वारांची आहे, हे लक्षात ठेवलंत तर कट समजायला सोपं जाईल. चीनच्या शिनच्यांग भागात तुर्फानजवळ यांगहाय इथे जुनी थडगी उकरली, तिथे लोकरी विजारी सापडल्या. वय साधारण तीन हजार वर्षं. आजवर हाती लागलेल्या सगळ्यात जुन्या विजारींपैकी या. त्यांचे दोन पाय मागावर सरळ विणलेले आहेत आणि दोन्हींच्या मध्ये, आसनात, एक रुंद, पायऱ्यापायऱ्यांचा वेगळा तुकडा बसवलेला आहे. घोड्यावर मांड टाकली की ताण नेमका तिथे येतो. मी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा क्लासमधल्या फळ्यावर काढून दाखवलं, कारण पायजम्याच्या आसनात आपण जो जोडतुकडा घालतो (उत्तरेकडचे कारागीर त्याला मियानी म्हणतात) त्याच्यामागे हीच अक्कल आहे. आपल्याकडे हा घोडेस्वारी पोशाख डोळ्यांनी बघायचा असेल तर मथुरेच्या संग्रहालयातला कनिष्काचा शिर तुटलेला पुतळा बघा. जाड लांब अंगरखा आणि पायात बोजड बूट, मध्य आशियातला थंड वारा अजून अंगावर असल्यासारखा.

तुमानीची गोष्ट मला सगळ्यात आवडते. हा फारसी तुंबान. अफगाणिस्तानात पुरुषांच्या नेहमीच्या पोशाखाला आजही पेराहन-तुंबान म्हणतात, म्हणजे वर गुडघ्यापर्यंतचा सदरा आणि खाली घोळदार विजार. आता हे मराठीत म्हणून बघा: पैरण आणि तुमान. आपल्या आजोबांच्या तोंडी असलेली जोडी आणि काबूलच्या बाजारातली जोडी अक्षरशः एकच. फरक इतकाच की आपल्याकडे पैरण आखूड झाली आणि तुमान कुठल्याही विजारीला म्हणायला लागले, कधी कौतुकाने आणि बहुतेकदा चिडून ("तुमान सावर आधी!").

पायजमा सरळ आहे. फारसीत पाय म्हणजे पाय आणि जामा म्हणजे वस्त्र. पायाचं वस्त्र, संपलं. इंग्रज हिंदुस्तानात हे घालून झोपायला शिकले आणि मायदेशी घेऊन गेले, तिथे तो रात्रीचा पोशाख झाला, वर तसलाच सदरा आला, आणि मग 'नाइट सूट' होऊन तो परत आपल्याकडे आला. याबद्दल १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात एक किस्सा आहे. लंडनच्या एका शिंप्याकडच्या पायजम्यांना खाली पावलंसुद्धा शिवलेली असत, मोज्यासारखी. ही कशाला, असं विचारल्यावर शिंपी म्हणाला, "साहेब, मला वाटतं वाळवीसाठी असावीत." आमच्या धंद्यात हे रोज घडतं. आधीच्या कारागिराने केलं म्हणून आपण करायचं, आणि कारण विचारलं की वाळवी.

लेंगा हा पाचांतला खरा वांधा. मराठीत लेंगा पुरुषाचा: सरळ पायाचा, नाड्याचा, पांढरा. हिंदीत तोच शब्द लहंगा, आणि तो बाईचा घागरा. हिंदी कोश त्याचं नातं लंक म्हणजे कमर या शब्दाशी लावतात. कमरेला बांधायचं ते. तसं असेल तर दोन्ही अर्थ बसतात, कारण कमरेखाली पाय दोन शिवायचे की एकच घेर ठेवायचा हे शब्द सांगतच नाही. मुंबईत उत्तरेकडच्या कारागिराला फोनवर "सहा लेंगे हवेत" असं कळवू नका, उगाच घेर किती म्हणून विचारील.

आता कट. तुम्हाला खरं हवंय ते हेच.

पहिला कट सरळ पायाचा, म्हणजे आपला लेंगा किंवा साधा पायजमा. छत्तीस इंची पन्ह्याचं कापड घ्या. माणूस साधारण उंचीचा असेल तर पायाची उंची ४० इंच, नेफ्याला (नाडा ओवायच्या पट्टीला) २ इंच, खालच्या दुमडीला दीड इंच. एका पायाला साडेत्रेचाळीस इंच लागले, दोन पाय एकापुढे एक काढले की सव्वादोन मीटरमध्ये काम होतं. कापडाची उभी घडी पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवायची, म्हणजे बाहेरून शिवण येतच नाही. आतल्या बाजूने आसनापासून मोहरीकडे, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाकडे, तिरकी रेघ मारायची. मोहरी सुटी मापली तर १० ते ११ इंच, म्हणजे गोलाईत २० ते २२. कंबर मापायची गरजच नाही, नाडा ते बघून घेतो. ज्याला माप घेता येत नाही त्यालाही लेंगा शिवता येतो, हे मी कुचेष्टेने म्हणत नाही; हाच त्या कपड्याचा गुण आहे.

पण हा सोपा कट रुंद पन्ह्याच्या जोरावर उभा आहे. हातमागाचं कापड पुष्कळदा अरुंद असे. तेवढ्यात एक पाय आसनाशी बसत नाही. मग आतल्या बाजूला कळी जोडायची. कळी कशी काढतात तेही बघा: एक लांबट आयत घ्यायचा आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरका कापायचा. दोन त्रिकोणी पट्ट्या मिळतात, दोन पायांना दोन, चिंधी शून्य. जुन्या सैल कपड्यांचं सगळं गणित असं चालतं. कापड महाग, मजुरी स्वस्त, म्हणून तुकडे जास्त आणि वाया काही नाही. आज उलट आहे, म्हणून आपण रुंद कापडावर गोलाई मारून मोकळे होतो आणि कोपऱ्यात कतरणीचा ढीग पडतो.

आसनातला जोडतुकडा मात्र आजही सोडू नका, विशेषतः नाटकात. लहानसा चौकोनी तुकडा कोपऱ्यावर उभा करून, म्हणजे उरेब, बसवायचा. कापडाचा रुमाल हातात घेऊन आधी काठाच्या दिशेने ओढून बघा, मग कोपऱ्यातून ओढून बघा. काठाने ओढलात तर हलत नाही, कोपऱ्यातून ओढलात तर लवतो. नट मंचावर तलवार उपसून गुडघा टेकतो तेव्हा हा लवणारा तुकडा त्याची अब्रू राखतो.

दुसरा कट सलवारीचा. वर सात-आठ इंचांचा पट्टा, त्याला खाली चुण्या घालून घोळ जोडायचा, आणि मोहरी सात-आठ इंचांवर आणून तिला आतून बुकरम (ताठ अस्तर) लावून कडक करायची. घोळ सगळा मांडीभोवती. साध्या सलवारीला अडीच मीटर पुरतं, पटियाला घोळ हवा असेल तर साडेतीन-चार मीटर धरा.

तिसरा चुडीदार. याला सगळे घट्ट समजतात, पण तो फक्त गुडघ्याखाली घट्ट आहे. वर बैठकीत तो लेंग्याइतकाच ऐसपैस असतो, नसेल तर मांडी घालताच फाटतो. कापड काठाला काठ तिरका जोडून आधी थैली शिवायची आणि मग त्या थैलीतून पाय कापायचे, म्हणजे सगळा पाय उरेब येतो आणि पोटरीवर चापून बसतो. उंची पायापेक्षा आठ-दहा इंच जास्त ठेवायची, त्या जादा कापडाच्या घोट्यावर बांगड्यांसारख्या वळ्या पडतात, म्हणून चुडीदार. या सगळ्या नावांमध्ये कटावरून आलेलं हे एकच नाव आहे. बाकी सगळी अवयवावरून, नाहीतर नुसती 'कपडा' या अर्थाची.

वरच्या कपड्यांकडे येते.

जामा म्हणजे फारसीत नुसतं वस्त्र, पण मोगली काळात तो एका ठरावीक कपड्याचा शब्द झाला: छातीला बेताचा, कमरेत जोड, खाली चुण्यांचा मोठा घेर, आणि काखेखाली बांधायचे बंद. त्याच्याबरोबरचा तोकडा कपडा तो नीमा, फारसी नीम म्हणजे अर्धा. दोन्ही मिळून जामानिमा. आज आपण "एवढा जामानिमा करून निघालात कुठे" म्हणतो तेव्हा अंगावर टी-शर्टसुद्धा असेल, पण शब्द दरबारी आहे.

अकबराला कपड्यांत फार रस होता. 'ऐन-इ-अकबरी'त अबुल फझलने तपशील दिलेत ते कुठल्याही टेलरने वाचावेत. तकौचिया नावाचा बिनअस्तराचा हिंदुस्तानी घाटाचा अंगरखा पूर्वी खाली चिरलेल्या घेराचा आणि डावीकडे बांधायचा असे. बादशहाने घेर गोल करायला लावला आणि बंद उजवीकडे नेले. त्याला कापड किती लागतं हेही लिहिलंय, सात गज सात गिरे (सोळा गिऱ्यांचा एक गज), शिवाय गोटाला (काठाच्या पट्टीला) पाच गिरे. वर बादशहाने कपड्यांना नवी नावंही पाडली. जाम्याला सर्बगाती, म्हणजे सर्वांग झाकणारा. इजारीला यार-पैराहन, सदऱ्याची सोबतीण! शालीला परमनरम. इतकी गोड नावं, खुद्द बादशहाची, आणि टिकलं एकही नाही. लोक जामा, इजार आणि शालच म्हणत राहिले. कपड्याचं नाव हुकमाने बदलत नाही, ते वापरणारा बदलतो.

ही बंदांची बाजू तुमच्या कामाची आहे. मोगली चित्रांत जामा उजव्या काखेखाली बांधला असेल तर मुसलमान आणि डाव्या असेल तर हिंदू, अशी ओळख धरतात. तेव्हा वकिलाचे बंद उजवीकडे आणि पुण्याच्या मंडळींचे डावीकडे घ्या. पहिल्या रांगेतल्या परीक्षकाला दिसो न दिसो, तुमच्या नटाला बांधताना हाताला आठवण राहते की आपण कोण आहोत.

झब्बा अरबी जुब्बा. हा शब्द सुरवारीपेक्षाही जास्त भटकला. इटालियनमध्ये ज्युब्बा झाला, फ्रेंचमध्ये जूप होऊन बाईचा स्कर्ट झाला. इंग्रजीत 'जंप' म्हणून एक आखूड कोट होता, तोही बहुधा याच जूपवरून आलेला, आणि त्यावरून जंपर. आता आपल्या आज्या-पणज्या पोलक्याला काय म्हणायच्या? झंपर. म्हणजे हा तर्क खरा असेल तर आजोबांचा झब्बा आणि आजीचा झंपर ही एकाच अरबी घरातली दोन भावंडं, एक थेट आलं आणि दुसरं युरोपात वळसा घालून.

खेड्यापाड्यांत याच गुडघ्यापर्यंतच्या कपड्याला जुनी माणसं अजून 'नेहरू शर्ट' म्हणतात. नेहरूंच्या कितीतरी आधीपासून तो कपडा आहे, पण ज्याच्या अंगावर पाहिला त्याचं नाव पडलं. नेहरू शर्ट आणि लेंगा ही जोडी गिरणीच्या पांढऱ्या कापडाची, तेव्हा सवाई माधवरावांच्या नाटकात ती अजिबात येऊ देऊ नका. मुंबईतली पहिली कापसाची गिरणी स्थापन झाली १८५४ साली. तुमचा नायक त्याच्या साठ वर्षं आधी वारला. शिलेदाराला लेंगा देणारी ओळ खोडून टाका. त्याला चोळणा, म्हणजे गुडघ्यापर्यंतची तोकडी विजार द्या, नाहीतर सुरवार.

सदरा अरबी सद्र म्हणजे छाती, त्यावरून. पारशी मंडळींच्या पवित्र सुद्र्याचं नाव कानाला याच्याच जवळचं लागतं. कमीज किंवा गावाकडचा खमीस, अरबी कमीस; लॅटिनमध्ये कामिसिया, फ्रेंच शमीज, पोर्तुगीज कामिसा. कोकणपट्टीत तो अरबांकडून आला की पोर्तुगीजांकडून यावर भांडायला जागा आहे, पण तुमच्या नाटकात खमीस नाही, म्हणून पुढे जाते.

कफनी अरबी कफनवरून. फकिराने जिवंतपणीच प्रेतवस्त्र पांघरलं, मी जगाला मेलो असं सांगायला. शिर्डीच्या साईबाबांमुळे हा कपडा महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. शिवायला सगळ्यात सोपा आणि बिघडवायलाही सगळ्यात सोपा, कारण हौशी मंडळी त्याला कॉलर आणि खांद्याचा उतार देऊन मोकळी होतात. कफनीला उतार नसतो. दुहेरी कापड, मध्ये गळ्याला भोक, दोन्ही कडा शिवायच्या आणि हात बाहेर काढायला जागा. मुंढा (बाहीसाठी काखेचा गोल) कापलात की ती कफनी राहिली नाही, नाइट गाऊन झाला.

तुम्ही विचारलं नाही, पण उलट दिशेने गेलेले दोन कपडे सांगितल्यावाचून राहवत नाही. सतराव्या-अठराव्या शतकात युरोपातले शिष्ट लोक घरात बसताना हिंदुस्तानी धर्तीचा ऐसपैस झगा घालत. त्याचं नाव बनियन; गुजराती वाणियो, म्हणजे व्यापारी, त्याचं पोर्तुगीजांनी केलेलं रूप. लंडनचा रोजनिशीकार सॅम्युएल पेप्स १६६६ साली स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसला तेव्हा त्याने असा 'इंडियन गाऊन' चक्क भाड्याने आणला होता, आणि ते चित्र आजही लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात आहे. वेषभूषा भाड्याने आणणाऱ्यांनी ही गोष्ट अभिमानाने सांगावी. पुढे त्याच नावाने काय झालं? सगळ्यात सैल झग्याचं नाव सगळ्यात चापून बसणाऱ्या कपड्याला लागलं, आपल्या बनियनला. त्याच बनियनला आपण गंजी किंवा गंजीफ्रॉकही म्हणतो, ते इंग्लिश खाडीतल्या गर्न्सी बेटाच्या 'गर्न्सी फ्रॉक'वरून.

दुसरा कपडा डंगरी. मुंबईची डोंगरी आठवा. त्या भागात विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड, हिंदुस्तानीत डुंगरी, इंग्रजांनी जहाजांसाठी, खलाशांच्या कपड्यांसाठी उचललं, आणि त्यावरून कामगारांच्या, खांद्यावर पट्टे असलेल्या ढगळ विजारीचं नाव डंगरीज पडलं. आता मॉलमध्ये लहान मुलींसाठी जी डंगरी मिळते तिचं माहेर मुंबईच्या बंदरापासून हाकेच्या अंतरावर आहे.

निकर आणि ब्लूमर ही तर माणसांची नावं. वॉशिंग्टन आयर्विंगने १८०९ साली न्यूयॉर्कचा एक विनोदी इतिहास लिहिला तो डीड्रिक निकरबॉकर या खोट्या डच नावाने. पुढे त्या पुस्तकाच्या चित्रांत डच मंडळींना गुडघ्याशी आवळलेल्या फुगीर विजारी दाखवल्या, त्या निकरबॉकर्स झाल्या, आणि कापत कापत आपल्या शाळकरी पोरांच्या खाकी निकरीपर्यंत आल्या. ब्लूमर हे अमीलिया ब्लूमर या अमेरिकन बाईंवरून. १८५१ च्या सुमारास त्यांनी आपल्या 'द लिली' या पत्रातून बायकांनी जमिनीवर लोळणारे घागरे सोडून तुर्की धर्तीच्या सैल विजारी घालाव्यात असा प्रचार केला. तो पोशाख मुळात त्यांचा नव्हता, एलिझाबेथ स्मिथ मिलर यांनी आधी घातला होता. नाव मात्र लिहिणारीचं झालं, शिवणारीचं नाही. आमच्या जातीला याची सवय आहे.

आता तुमच्या पात्रांचं. पेशवे आणि कारभारी मंडळींना पातळ पांढऱ्या मलमलीचा जामा किंवा अंगरखा. पुणे दरबारात १७९० साली इंग्रजांचा वकील मॅलेट याने केलेल्या तहाचं, इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलने १८०५ साली पूर्ण केलेलं मोठं चित्र आहे, त्याची प्रत मिळवा आणि सगळ्या संचाला दाखवा. त्यातली पांढऱ्या सैल वस्त्रांची गर्दी बघितली की मखमल आणि जरी भाड्याने आणायचा मोह आपोआप जातो. अंगरख्याला छातीच्या उघड्या गोलाच्या आत परदा लावायला विसरू नका. हा आतला पडदा नसेल तर अंगरखा ब्लाऊज दिसतो. ब्राह्मण पात्रांना खाली धोतर, विजारीचा प्रश्नच नाही. शिलेदार आणि स्वार यांना चुडीदार कटाची सुरवार, त्यावर आसनातला जोडतुकडा. हुजरे, भालदार आणि बाकी शिबंदी यांना बाराबंदी आणि चोळणा. बाराबंदीचे बंद म्हणजे बांधायच्या सहा जोड्या, त्यांना मागून छुपी बटणं लावू नका, बंद बांधण्यात नटांना विंगेत वेळ लागतो पण मंचावर ते खोटं वाटत नाही. मोगली वकिलाला जामा आणि तसलीच सुरवार. एक फकीर आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला कफनी.

कापडाचं बजेट कमी असेल तर जाम्याच्या घेरात काटकसर करू नका, बाहीत करा. घेर लांबून दिसतो. कोरं सुती कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवा, नाहीतर पहिल्याच धुण्यात सुरवार दीड-दोन इंच आखडेल आणि चुड्या गायब होतील. संहितेच्या प्रतीत विजार, तुमान, लेंगा हे शब्द खोडून प्रत्येक पात्रापुढे सरळ, घोळदार किंवा चुडीदार एवढंच लिहा, कारागिराला ते पुरतं. आणि सगळ्या विजारींना आधी धावदोरा घालून नटांना तालमीत मांडी घालून बसवा, गुडघा टेकवा, एकदा पळवा. मग पक्की टीप मारा.